मासोळीच्या उसन्या पापण्या

लप. लप. लप.

असा आवाज होता तो. मी तेव्हा तुमच्याएवढा असेन. मामाच्या गावी तळ्याकाठच्या खोपटात दुपारचा आडवा झालो होतो. उन्हाळ्याचे दिवस. वारा नाही, पान हलत नाही, आणि तळ्याकडून हा आवाज. कुणीतरी ओठ उघडतंय, मिटतंय, पण शब्द काही फुटत नाही, असा. मी मामाला हलवलं.

मामा म्हणाला, "मासे आहेत रे. उन्हानं पाण्यातली हवा कमी झाली की वर येतात, तोंड उघडतात. पण तू कान देऊन ऐकू नकोस. ऐकत बसलं की वाटायला लागतं, त्यांना आपल्याकडं काहीतरी मागायचंय."

मग त्यानं मला ही गोष्ट सांगितली. आज मी तुम्हाला सांगतो. बंड्या, पाय पांघरुणात घे. आणि मुक्ते, पुरे कर आता त्या भांड्यातल्या माशांना खायला घालणं. सकाळपासून किती वेळा घातलंस?

"पण आजोबा, ते मागतायत."

अगं, तू घालशील तितकं ते मागतील. चिमूटभर घालावं. राहिलेलं तळाशी बसतं, कुजतं, पाणी नासतं. मग त्याच पाण्यात त्यांनी राहायचं.

"बंड्या म्हणतो, ते पाणी पितच नाहीत."

बरोबर म्हणतो. गोड्या पाण्यातल्या माशाला प्यावं लागत नाही. पाणी त्याच्या अंगातूनच आत मुरतं. समुद्रातला मासा पितो.

"मग झोपतात कधी? डोळे तर मिटतच नाहीत."

हां. आता खरं विचारलंस. ये, पड इथं. त्याचीच गोष्ट आहे.

एका गावात एक राजा राहायचा. फार मोठा राजा नव्हता, बरं का. टेकडीवर चढून चारी बाजूंना बघितलं की राज्य संपायचं. त्याची राणी होती भोयाची लेक. तिचा बाप नदीत जाळं टाकायचा आणि पावसाळ्यात माणसं पैलतीराला न्यायचा. राजानं तिला नावेत बघितलं आणि लग्न केलं. पण लग्नात एक अट घातली. राणीनं पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाही. लोकांना तिचं माहेर आठवायला नको. राणी बरं म्हणाली. नदीकडं पाठ करून ती राजवाड्यात राहिली.

त्यांना एक मुलगी होती, वेणू. आठ-नऊ वर्षांची. राजवाड्याच्या मागं एक दगडी हौद होता. चारी बाजूंनी पायऱ्या, मधोमध खोल कुंडी. त्या हौदात एक मासोळी होती. हातभर लांब, काळी. ती कुणी आणून सोडली हे कुणालाच माहीत नव्हतं.

वेणू रोज दुपारी कणकेच्या गोळ्या घेऊन तिच्याकडं जायची. सगळा वाडा तेव्हा झोपलेला असायचा. वेणूचं पाऊल पायरीवर पडायचा अवकाश, मासोळी वर यायची. माशाला कान दिसत नाहीत, पण त्याला ऐकू येतं, बरं का. अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ असते. पाणी जरा हललं की त्या रेघेला कळतं.

एकदा काय झालं, वेणूनं ठरवलं, आज ही झोपते कधी ते बघायचं. बसली पायरीवर. किती वेळ बसली. मासोळी तिच्याकडं बघत राहिली आणि ती मासोळीकडं. मग वेणूनं विचारलं, "तू झोपत नाहीस का गं?"

मासोळी म्हणाली, "झोपते की. दगडाआड जाते. कल्ले हळू हलतात, पोहायचे पर थांबतात. तीच माझी झोप. पण मला पापण्या नाहीत. पाण्यात डोळे सुकत नाहीत, म्हणून देवानं दिल्या नसतील. झोपेतही मला समोरचा दगडच दिसतो."

"मग स्वप्न पडलं तर?"

"ते काय असतं?"

"डोळे मिटले की दिसतं ते."

 मासोळीच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला, वर आला, फुटला. मग ती म्हणाली, "तुझ्या पापण्या दे ना मला. एक दुपार."

वेणू मनानं मोठी पोर. तिनं हात ओला केला आणि डोळ्यांवरून फिरवला. कांद्याचा पापुद्रा निघावा तशा पापण्या निघून आल्या, केसांसकट. तिनं त्या पाण्यावर ठेवल्या. मासोळी वर आली. लप. आणि तिनं डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांचा मासा तुम्ही पाहिलाय कधी? नाही ना. वेणूनं पाहिला. तो तसाच मिटल्या डोळ्यांनी खाली खाली गेला, आणि पुन्हा वर आलाच नाही.

मग वेणूचे हाल सुरू झाले. डोळे आग आग करायचे. रात्र झाली तरी उघडेच. दिवा विझवला तरी ती अंधाराकडं बघत पडायची. वैद्य आला. त्यानं डोळ्यांत तूप घातलं, वर दुधाच्या पट्ट्या ठेवल्या. पट्ट्या काढल्या तर डोळे त्याच्याकडंच बघत होते. मग मांत्रिक आला. त्यानं लिंबू उतरवायला घेतलं. लिंबू जिकडं जाईल तिकडं वेणूचे डोळे जायचे. मांत्रिक मंत्रच विसरला. लिंबू तिथंच टाकून तो निघाला, आणि चपला घ्यायलाही परत आला नाही. हसू नका, बरं का. पोरगी वाळत चालली होती. झोप नसेल तर माणूस किती दिवस जगेल?

आणि वाड्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

ठकू म्हणून एक दासी होती. दुपारी सगळे उठले की ती फरशी पुसायची. ती राणीला म्हणाली, "राणीसाहेब, हौदाकडून ओसरीपर्यंत कुणी ओल्या पायानं आलंय. पाऊल लहान आहे. पण पावलाला बोटं नाहीत."

राणी म्हणाली, "पाणी सांडलं असेल कुणाकडून."

दुसऱ्या दुपारी ओली पावलं माजघरापर्यंत आली. या वेळी बोटं होती, पण एकमेकांना चिकटलेली. ठकू म्हणाली, "राणीसाहेब, आणि हे बघा. पावलं यायचीच आहेत. जायची कुठंच नाहीत." त्यानंतर ठकू कामाला आली नाही.

इकडं वेणूनं बापाला खरं काय ते सांगून टाकलं. राजा भडकला. म्हणाला, "हौद उपसा. मासोळी धरा, चिरा, आणि पापण्या काढून आणा." राणी म्हणाली, "अहो, मेलेल्या माशाची कातडी उन्हात कशी होते ते मी पाहिलंय. कडक होते, तडकते. त्या पापण्या पोरीला कशा लावाल?" राजा म्हणाला, "तू माशांचं बोलू नकोस." 

तिसऱ्या दुपारी हौदावर मोट लावली. राजा वेणूला घेऊन तिथं उभा राहिला. राणीला ते बघवेना. ती आपल्या खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. बाहेर मोटेचं चाक कुरकुरत होतं.

मग खोलीत लहान पावलं वाजली. कुणीतरी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. राणीला वाटलं, वेणू आली. तिनं डोळे न उघडताच केसांवरून हात फिरवला. केस ओले होते. अंगाला शेवाळाचा वास येत होता. आणि तेवढ्यात, बाहेर हौदावरून, वेणूचा आवाज आला. "बाबा, खाली काहीच दिसत नाही हो."

राणीचा हात तसाच राहिला.

तिनं डोळे उघडले. मांडीवर एक मुलगी होती. वेणूएवढीच, वेणूसारखाच परकर. पाय चांगले पाच-पाच बोटांचे. डोळे मिटलेले, आणि त्या डोळ्यांवर वेणूच्या पापण्या. फक्त कानांच्या खाली दोन्ही बाजूंना कातडीची झाकणं होती. ती उघडत होती, मिटत होती.

दुसरी कुणी असती तर ओरडली असती. राणी भोयाची लेक. तिनं उशाचा तांब्या ओढला, पाणी ओतून आधी आपले हात ओले केले. माशाला कोरड्या हातानं धरू नये, बरं का. त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हाच त्याचा अंगरखा. कोरडा हात लागला की तो फाटतो. ओले हात करून तिनं त्या पोरीच्या कपाळावर ठेवले.

"कशाला आलीस?" तिनं विचारलं.

"तुझ्या लेकीच्या या पापण्या मिटल्या की तू दिसतेस," मुलगी म्हणाली. "रोज दिसतेस. हिला जेवू घालतेस, हिची वेणी घालतेस. स्वप्नात मला पाय होते. मग मला पाय आले. पहिल्या दोन दुपारी जाग आली की पुन्हा हौदातच असायचे. आज खरीच आले."

"तुझी आई नाही का?"

"मी अंड्यातून निघाले तेव्हा ती गेलेली होती."

"ती टाकून गेली नाही गं. तुमची रीतच तशी."

"असेल," मुलगी म्हणाली, आणि आणखी बिलगली.

तिचा श्वास जड व्हायला लागला होता. कल्ले सुकून चिकटायला लागले होते. राणीच्या लक्षात आलं, ही घटकाभरात मरणार. पापण्या तर राणीच्या चिमटीत येण्यासारख्या होत्या. हात पुढं केला की झालं. आपली पोर वाचली. कुणाला कळलंही नसतं.

राणीनं हात पुढं केला. मग तोच हात तिनं त्या पोरीच्या मानेखाली घातला, तिला उचललं आणि धावत सुटली.

हौदावर सगळे गर्रकन वळले.  राणी पायऱ्या उतरली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरली. पाणी कमरेएवढंच उरलं होतं. ती तिथंच खालच्या पायरीवर बसली आणि पोरीला गळ्यापर्यंत पाण्यात धरलं. राजा तोंड उघडून बघत राहिला, अगदी माशासारखा. मग म्हणाला, "मोट थांबवा." एवढंच.

पोरीचे कल्ले उघडले. राणी तिला पाण्यातल्या पाण्यात झुलवायला लागली, आणि आपल्या बापाच्या घरची अंगाई म्हणायला लागली.

"मी झोपले की तू जाशील?" पोरीनं विचारलं.

"जाईन. पण उद्या दुपारी येईन."

"आमच्यात गेलेलं परत येत नाही."

"आमच्यात येतं. तू पाऊल ओळखतेस ना?"

"ओळखते. लोक म्हणतात मासे लगेच विसरतात. मी नाही विसरत."

"मग माझं पाऊल ऐक. मी राखण करते, तू झोप. आणि ज्या तिच्या आहेत त्या तिला दे. बघ ती कशी उभी आहे."

मुलीनं वर वेणूकडं पाहिलं. वेणू पायरीवर उभी होती, आणि तिचे डोळे लाल लाल झाले होते.  मग त्या मुलीनं स्वतःच डोळ्यांवरून हात फिरवला आणि पापण्या राणीच्या ओल्या तळहातावर ठेवल्या.

राणीनं त्या वर नेऊन वेणूच्या डोळ्यांवर बसवल्या. वेणूनं एकदा पापणी लववली. दोनदा लववली. तिसऱ्यांदा मिटली, आणि तिथंच पायरीवर झोपली. राजानं तिला खांद्यावर घेतलं.

पुढं सगळं चांगलं झालं, बरं का. वेणू मोठी झाली, गाढ झोपायची, उठवता उठायची नाही. राजानं आपली अट मागं घेतली आणि हौद पुन्हा भरला. राणी म्हातारी होईपर्यंत रोज दुपारी हौदात पाय सोडून बसायची. पायांजवळ, दगडाआड, काहीतरी काळं न हलता पडून असायचं. डोळे उघडे, पण झोपलेलं. ठकूसुद्धा कामावर परत आली. तशी सगळी सुखात राहिली. तुम्हीही सुखात राहा. बंड्या, डोळे मीट. मुक्ते, तूही. मिटलेस? मग त्या दुपारचं एवढंच राहिलंय, हळू सांगतो.

राजा वेणूला घेऊन आत गेला. मोटेची माणसं गेली. राणी एकटी राहिली, आणि खालच्या पायरीवर ती मुलगी. आता तिचे डोळे उघडे होते. मिटता येण्यासारखं काही त्यांवर उरलं नव्हतं. ती राणीकडं बघत होती. राणी म्हणाली, "उद्या येते हं."

मुलीनं तिच्याकडं खूप वेळ पाहिलं. मग ती वळली, आणि मधल्या कुंडीकडं पाण्यातून चालत निघून गेली.