पवळीची सोन्याची दांडी

एका राज्यात एक झरा होता आणि तो एका कोंबडीच्या पायावर वाहत असे. काळदंड नावाच्या मांत्रिकाने रागाच्या भरात शाप दिला होता की, पवळी कोंबडी रोज पहाटे झऱ्यावरची शिळा उकरील तोवरच पाणी येईल. पवळीला बोलता येई, पण तिला उकरण्यातच अधिक रस असे. राज्य सुखाने पाणी पीत होते.

राजा धवलकेतूला वाटले, एवढ्या उपकाराची कोंबडी, तिचा मान राखला पाहिजे. हे कळताच काळदंडाने तिला बसायला सोन्याची बारीक दांडी भेट धाडली. शाप देणाऱ्याची भेट घेऊ नये, पण सोने दिसले की राजांची अक्कल गहाण पडते. दर दसऱ्याला राजा स्वहस्ते ती दांडी एक हात उंच चढवी. खाली संगमरवरी फरशी, खायला बदाम आणि तुपातला शिरा. पवळी भोपळ्यासारखी गोल झाली. असे सात दसरे लोटले आणि एका पहाटे ती एका पायावर उभी राहिली. शिळा उकरली गेली नाही, झरा आटला.

राजाने बारा वैद्य बोलावले. त्यांनी पवळीची चोच तपासली, पिसे मोजली, पत्रिका मांडली. रोग रेड्याला, औषध पखालीला! शेवटी काळदंडच आला.

“पाय तोडा,” तो म्हणाला. “सोन्याच्या डबीत घालून शिळेवर ठेवा. पाणी येईल.”

राजाने सुरी मागवली. तेव्हा खुराड्याची राखण करणारी म्हातारी येसाक्का पवळीला पदराखाली घेऊन पुढे आली. पवळी अंड्यातून ओलीचिंब निघाली, त्या दिवशी येसाक्कानेच तिला तळहातावर वाळवले होते.

“महाराज, आधी माझा हात तोडा.”

“हौदात एकवीस दिवसांचे पाणी आहे,” राजा म्हणाला. “तेवढी मुदत. पुढे सुरी.”

मग येसाक्काने जे केले ते साऱ्या दरबाराला सुचले नव्हते. तिने कोंबडीलाच विचारले.

“कुठं दुखतंय गं बाय?”

“तळव्याला,” पवळी म्हणाली. “रोज सकाळी एवढ्या उंचावरून फरशीवर आपटते. मला कुणी विचारलंच नाही.”

येसाक्काने पाय उलटा करून पाहिला. तळवा सुजलेला, गरम, मधोमध काळी खपली.

“कामं तीन,” पवळी म्हणाली. “पाय बरा करायचा, फरशी झाकायची, दांडी उतरवायची. पण ज्या हातानं चढवली त्याच हातानं ती उतरेल. तसा मंत्र आहे.”

येसाक्काने मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून धरला. ते पाणी ती आपल्या वाट्यातले घेई आणि स्वतः अर्ध्या तांब्यावर राही. तिने खपली ओढली नाही, पिळली नाही. ती मऊ होऊन सुटली, तेव्हा पू वाहून गेला. पाय कोरडा करून तिने मध लावला, स्वच्छ चिंधी बांधली. रोज पाणी नवे, चिंधी नवी, आणि आधी-नंतर आपले हात रिठ्याने धुवायचे. शिरा बंद झाला, दाणे आणि पाला सुरू झाला. फरशीवर भाताचे कोरडे तूस वीतभर पसरले, ओले झाले की लगेच बदलले.

सूज उतरली. पण कोंबडी ती, दिवेलागणीला उंच चढायचीच! सकाळी उडी मारली की जखम पुन्हा उघडे. राजाने दिलेल्या मानाला हात घालायला येसाक्का इतके दिवस कचरत होती; विसाव्या दिवशी मात्र ती राजापुढे उभी राहिली.

“महाराज, दांडी उतरवा.”

“तिचा मान कमी होईल.”

“मान तुम्ही दिलेला, महाराज. पाय तिचा आहे.”

राजाने मुकुट काढून ठेवला. मग शिडी लावून चढला. सात दसऱ्यांचे सात खिळे त्याने स्वहस्ते उपटले, तळहात फोडांनी भरले. जमिनीला टेकताच सोन्याची दांडी बाभळीची काटेरी फांदी झाली. काळदंडाने आपली सारी विद्या तिच्यातच ओतली होती, ती सरली. तो मुकाट्याने सीमेपार चालता झाला. राजाने गुडघाभर उंचीवर आंब्याची रुंद, गुळगुळीत फळी बसवली.

एकविसाव्या पहाटे पवळी फळीवरून उतरली आणि दोन्ही पायांनी चालत झऱ्याशी गेली. एकदा उकरले, दोनदा उकरले, तिसऱ्यांदा शिळाच दुभंगली. पाणी आले ते कायमचे. आता झऱ्याला कोंबडीची गरज उरली नाही.

येसाक्काने राजाचे हात मिठाच्या कोमट पाण्यात धरले.

“झोंबतंय,” राजा कळवळला.

“तीही कळवळायची, महाराज.”

राजाने पवळीकडे पाहिले आणि मान खाली घातली. “फळी तशीच राहू दे,” तो म्हणाला, “ती आहे तोवर.”

राजाचे हात निवले, पवळीचा पाय निवला. ज्याच्या दारी कोंबडी असेल त्याने ही कथा संपताच उठावे आणि तिचा तळवा उलटून पाहावा.