माघारी आलेला वळू

एका राजाच्या गोठ्यात गाई पुष्कळ होत्या आणि वासरू एकही नव्हतं.

आधी वासरं जन्मायची थांबली. मग गाई दगडाच्या होऊ लागल्या. दर अमावास्येला एक गाय उभ्या जागी दगड होई, तोंडातला घास तोंडात तसाच राही, आणि त्याच दिवशी राजा मेघवर्मा याच्या अंगाचाही एक भाग दगड होई. प्रथम पावलं गेली. मग गुडघे, मग मांड्या. ही कथा सुरू होते तेव्हा राजा छातीपर्यंत दगड होता, आणि राजगोठ्यात चांदी नावाची एकच जिवंत गाय उरली होती. पुढच्या अमावास्येला तीही जाणार आणि तिच्याबरोबर राजाचा गळा जाणार, हे राज्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

दरबारात तज्ज्ञ होते. पशुवैद्य होते, त्यांच्यावर महावैद्य होते, आणि महावैद्यांवर देखरेख करणारं एक मंडळ होतं. या सर्वांनी विचार करून सांगितलं की परमुलखातला जातिवंत वळू आणावा; चांदी गाभण राहिली की शाप उतरेल. शाप कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे कोणी विचारलं नाही. ते विचारणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

राजाची मुलगी चारुमती पुढं आली. "वळू मी आणते," ती म्हणाली.

"तुला जनावरातलं काय कळतं?" राजानं विचारलं.

"तुम्हांला कळत होतं, बाबा. आणि बसायलासुद्धा येत नाही तुम्हांला आता."

चांदीच्या पाठीवर एक साळुंकी बसत असे. ती गोचिड्या वेचून खाई आणि माणसासारखं बोले. ती म्हणाली, "मीही येते. दगडाला गोचीड लागत नाही. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

दोघी निघाल्या.

पहिला बाजार बाभूळबनात भरला होता. तिथं भुजंग नावाचा हेडी जनावरं विकत होता. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. हा जादूगारही होता, आणि ते त्यानं लपवलं नव्हतं. त्याच्याजवळ ढगाच्या रंगाचा वळू होता. वशिंड उंच, शिंगं तेल लावलेली. भुजंगानं त्याचा जबडा उघडून दाखवला. दात कोवळे होते.

साळुंकी वळूच्या पाठीवर एक फेरी मारून आली. "याच्या अंगावर एकही गोचीड नाही," ती म्हणाली. "मला हे जनावर पटत नाही."

"स्वच्छ ठेवतो आम्ही," भुजंग म्हणाला. त्यानं राजकन्येच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली तिची बोटं धरली.

"रुमाल कशाला?"

"भाव चारचौघांत सांगत नाहीत. बाजाराची रीत आहे."

"भाव झाकता की वळू?" साळुंकीनं विचारलं.

"ही पाखरी फार बोलते."

"फुकट बोलते, त्याचं दुःख होतं का तुम्हांला?"

रुमालाखाली भुजंगाचा हात गार होता, आणि त्याची बोटं किती आहेत ते कळत नव्हतं. त्यानं राजकन्येची सावली मागितली. तिनं दिली. बाप जात असताना सावलीचं काय करायचं, असं तिला वाटलं.

वाटेत ओढा लागला. वळू पाण्यात उतरला तसा त्याचा रंग वाहून गेला. मग वशिंड खचलं, दात गळाले, आणि पलीकडच्या काठावर राजकन्येच्या हातात कासरा आणि पुढं ओल्या काडाचा ढीग उरला. ती परत बाभूळबनात गेली. तिथं बाजार नव्हता. एका फांदीवर रुमाल वाळत होता.

साळुंकी काही बोलली नाही. हे तिच्या स्वभावाला सोडून होतं, म्हणून राजकन्येला जास्त लागलं.

दुसरा विक्रेता पांढऱ्या महालात राहत होता. त्याचं नाव दयानिधी. त्याच्या दारात तोरण होतं, अंगणात सडा होता, आणि येणाऱ्याला आधी ताक मिळत असे. त्याचा काळा वळू खरा होता. साळुंकीला त्याच्या कानामागं दोन गोचिड्या सापडल्या. त्या तिनं खाल्ल्या आणि मान डोलावली.

"बाजारात फसवणूक फार वाढली आहे," दयानिधी म्हणाला. "मी रुमाल वापरत नाही. मला तुमची झोप द्या, वळू घेऊन जा."

सौदा उघड्यावर झाला. राजकन्या आपलं दावं काढू लागली. त्या मुलखातली जुनी रीत अशी होती की विकणाऱ्यानं जनावर द्यावं, दावं देऊ नये. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. दाव्याबरोबर धन्याचा हक्क जातो आणि येतो.

दयानिधीनं हात जोडले. "राजकन्येनं सुंभाचं दावं वापरावं हे बरं दिसत नाही. हे रेशमी आहे. माझ्याकडून भेट समजा."

"आपलं लाव," साळुंकी तिच्या कानाशी म्हणाली.

"एवढ्या भल्या माणसाचा अपमान कसा करू?"

भर दुपारी ती वडाखाली थांबली तेव्हा रेशमी दावं आपोआप ताठ झालं. वळूनं डोळे मिटले आणि तो मागं ओढला गेला, नांगर ओढावा तसे त्याचे खूर माती उकरत गेले. राजकन्या धावली. ती महालाशी पोचली तेव्हा वळू खुंट्याशी उभा राहून रवंथ करत होता. पायऱ्यांवर आणखी काही राजपुत्र आणि सावकार बसले होते. सगळ्यांचे डोळे लाल होते.

"वळू तुमचाच आहे," दयानिधी शांतपणे म्हणाला. "राहतो इथं, एवढंच. हे सर्व त्याचे मालक. ताक घ्या."

राजकन्येनं ताक घेतलं नाही.

अमावास्या जवळ आली होती. एका डोंगराच्या खांद्यावर सारजा नावाची म्हातारी गवळण गुरं विकते असं कोणी सांगितलं, पण तिच्याकडं कोणी जात नाही असंही सांगितलं. दोघी चढून गेल्या. सारजानं राजकन्येला वरून खाली पाहिलं.

"पोरी, अंगाला सावली नाही, डोळ्याला झोप नाही. वळू घ्यायला निघालेली दिसतेस."

"हो, आजी."

गव्हाणीवर दोन वळू होते. एक तांबडा, तरणा. दुसरा थकलेला, पांढरा.

"तांबडा विकायचा आहे," सारजा म्हणाली. "आधी त्याच्या खोडी ऐक. कुंपण मोडतो. छत्री दिसली की अंगावर जातो. डाव्या डोळ्यानं त्याला कमी दिसतं, त्या बाजूनं गेलीस तर शिंग लागेल. हे सगळं ऐकून हवा असेल तर पुढचं बोलू."

"असं कोणीच सांगत नाही."

"म्हणून तर माझ्याकडं गिऱ्हाईक येत नाही."

साळुंकी म्हणाली, "हिच्याकडून घे."

राजकन्येचं लक्ष पांढऱ्या वळूकडं गेलं. त्याच्या मांडीवर सूर्याचा डाग दिलेला होता. ती राजमुद्रा होती. तिच्या बापाची.

"तो विकता येत नाही," सारजा म्हणाली. "तुमच्याच गोठ्यातला आहे. राजमुद्रा बघून घेतला, दात बघितले नाहीत. माझ्या गाई त्याची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. तो निर्बीज निघाला. माघारी न्या म्हणून तुमच्या वेशीवर गेले, तर पहारेकरी हसले. राजमुद्रेचा माल परत घेत नाहीत म्हणे. आता त्याची खोड सांगितली तर कोणी घेत नाही, आणि न सांगता विकणं मला जमत नाही. मग पोसते. त्याचा काय दोष?"

राजकन्येनं डागावरून बोट फिरवलं. "शाप तुम्ही दिलात, आजी?"

"मी एवढंच म्हणाले, माझ्या गोठ्याचं झालं ते करणाऱ्याच्या गोठ्याचं होवो, आणि त्याच्या मनासारखंच त्याचं सगळं दगड होवो. आमच्या घराण्यात बोललेलं लागतं. माझी आजी चेटकीण होती."

"तो कसा उतरेल?"

"तुमचा वळू न्या. ज्यानं विकला त्यानं चारचौघांत त्याची खोड सांगावी आणि माघारी घ्यावा. तांबडा मी मागाहून आणते. त्याच्यानं शाप उतरत नाही. त्याच्यानं फक्त वासरं होतात."

सारजानं पांढऱ्याचं दावं सोडून घेतलं. राजकन्येनं आपलं लावलं. म्हातारा वळू फार हळू चालत होता, आणि त्याला ओढायला तिचा हात धजला नाही.

अमावास्येच्या दिवशी, सकाळच्या उन्हात ती वेशीशी पोचली. चांदीचे खूर दगड झाले होते. राजाच्या गळ्याच्या घाटीखाली दगड आला होता. प्रधानानं वेस अडवली.

"राजमुद्रेचा माल माघारी घेण्याची प्रथा नाही," तो म्हणाला. "आज हा घेतला तर उद्या सगळे आणतील."

"सगळे म्हणजे किती आहेत?" राजकन्येनं विचारलं.

प्रधान आपली पगडी सारखी करू लागला. गर्दीत मात्र बऱ्याच लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

राजानं सांगितलं, मला वेशीवर न्या. त्याला गाड्यावर घालून आणलं. त्यानं मांडीवरचा सूर्य पाहिला आणि वळू ओळखला. राजकन्येनं दावं त्याच्या दगडी हाताशी धरलं.

"बाबा, याची खोड सांगा."

राजा लोकांकडं बघून म्हणाला, "वैद्यांच्या तपासणीत चूक राहिली." दगड हनुवटीपर्यंत चढला.

मंडळातल्या एका सदस्यानं समाधानानं मान डोलावली होती, ती त्यानं हळूच थांबवली.

राजा म्हणाला, "हा निर्बीज आहे हे मला ठाऊक नव्हतं." दगड खालच्या ओठाला लागला.

"आता एक वाक्य उरलं असेल," साळुंकी म्हणाली. "बघून वापरा."

राजकन्येनं दावं सोडलं नाही. राजानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या पायाशी सावली नव्हती, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मग तो जड ओठानं, तुटक तुटक बोलला.

"मला माहीत होतं. मी म्हणालो, लांबच्या मुलखात विका, तिथून कोण येतंय."

वळू पुढं झाला आणि खाजवायला जागा हवी म्हणून त्यानं राजाच्या छातीवर कपाळ घासलं. छातीवरून दगडाचा चुरा पडला. खाली माणूस होता. चुरा पडत पडत गुडघ्यांपर्यंत गेला, मग पावलांपर्यंत, आणि राजा गाड्यावरून घसरून मातीत बसला. राजगोठ्यातल्या गाईंनी तोंडातला जुना घास गिळला. त्यानंतर सगळ्या जणींनी एकदम शेण टाकलं, आणि तो वास शहरभर पसरला. लोक म्हणतात त्या वासाला कोणी नाक धरलं नाही.

राजानं बसल्या जागेवरून दावं हातात घेतलं. "माघारी घेतला," तो म्हणाला.

हे शब्द ज्या क्षणी उच्चारले गेले त्या क्षणी त्या मुलखात खोटी विक्री ही विक्री राहिली नाही. जादू अशा बाबतीत काटेकोर असते. दयानिधीच्या महालातलं रेशमी दावं कुजलं, आणि पायऱ्यांवरची माणसं बसल्या बसल्या घोरू लागली. भुजंग हेड्याच्या पेटीतून सावल्या बाहेर पडल्या आणि आपापल्या वाटेनं चालत गेल्या. राजकन्येची तिसऱ्या प्रहरी पोचली, जराशी मळलेली. झोपही आली. राजकन्या कडब्याच्या गंजीला टेकून जी झोपली ती दुसऱ्या दिवशी सारजा तांबडा वळू घेऊन आली तेव्हाच उठली. कोणीतरी सारजावर मानाची छत्री धरायला धावलं. तांबड्यानं त्याला पार तळ्यापर्यंत नेलं.

"सांगितलं होतं," सारजा म्हणाली.

पुढच्या वर्षी चांदीला कालवड झाली. म्हाताऱ्या वळूला राजगोठ्यात गव्हाण मिळाली. वेशीवर बरीच जनावरं माघारी आली, आणि प्रधानाला त्यांच्यासाठी गोठा बांधावा लागला.

राजानं एक नियम केला: बाजारात दावं सुटण्याआधी विकणाऱ्यानं जनावराची खोड मोठ्यानं सांगावी. नियमानंतर पहिला बाजार भरला. गुरं होती, हेडी होते, गिऱ्हाइकं होती. कोणी तोंड उघडेना. सूर्य वर आला, गुरं पाण्यावर जाऊन आली, तरी सगळे गप्प. राजा एका कडेला उभा होता. त्यालाही काही सुचत नव्हतं.

शेवटी एका पोक्त हेड्यानं घसा खाकरला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "माझी ही गाय लाथ मारते."

समोरच्या शेतकऱ्यानं गाईकडं पाहिलं, मग हेड्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "कुठल्या पायानं?"