बाराव्या सळीचा आवंढा

"उजेडाला कसं रे कळतं, लोखंडाच्या पोटात काय आहे ते?"

आक्कांनी विचारलं तेव्हा विश्रामच्या हातात घंटेची दोरी होती.

खाडीतल्या खडकावर देवीचं ठाणं, शेजारी आक्कांचा मठ. यायला एकच लोखंडी साकव, बारा सळ्यांनी तोललेला. पलीकडच्या टोकाला श्रावणी शुक्रवारच्या चाळीसेक बाया ओटीची ताटं घेऊन, निरंकार उपाशी ताटकळल्या होत्या. विश्रामनं सळ्या तपासायच्या, साकव धड असला तर घंटा वाजवायची, मगच बायांनी पाऊल टाकायचं, असं ठरलं होतं.

विश्राम आक्कांच्याच पायाशी बसून अक्षरं शिकलेला. आता मोठा संशोधक. शेवग्याच्या पाल्यापासून गंज रोखणारा पारदर्शक लेप त्यानं शोधला होता, आणि वर्षापूर्वी याच साकवाला फासला होता.

"सोपं आहे, आक्का. सळीवर उजेड पाडायचा. ती काही रंग गिळते, उरलेले परत पाठवते. गंज निळा गिळतो. परत काय आलं नाही, ते यंत्रावर बघायचं."

"म्हणजे जे परत येत नाही, तेच बोलतं."

"अगदी तस्सं!"

"मग काय बोलल्या सळ्या?"

"अकरा सळ्या लख्ख. लेप कुणाचा आहे!"

"सळ्या बारा ना रे?"

विश्रामनं आवंढा गिळला.

"आत्ता काय गिळलंस?"

"काही नाही... आवंढा."

"कुठल्या रंगाचा?"

पलीकडून हाळी आली, "अहो विश्रामभाऊ, वाजवा की! पोटात कावळे कोकलायला लागले!"

दोरी तळव्याच्या घामानं ओली झाली.

"बाराव्या सळीचा निळा... पहिल्यांदा परत आला नाही," तो हळूच म्हणाला. "मग मी ती पॉलिश पेपरनं घासली. पुन्हा बघितलं. स्वच्छ आली."

"खरकटं भांडं घासून ठेवलंस," आक्का म्हणाल्या, "आणि आता म्हणतोस, कुणी जेवलंच नाही?"

"वरवरचाच असेल, आक्का. आज घंटा वाजली नाही तर लेप फुकट गेला म्हणतील. सात वर्षं घातली मी त्यात..."

आक्का काठी टेकत उठल्या. साकवाच्या तोंडाशी गेल्या, बाराव्या सळीपाशी. एक पाय फळीवर ठेवला.

फळी करकरली.

"वाजव. मी मधोमध जाऊन उभी राहते."

"आक्का!"

दुसरा पाय उचलला गेला.

विश्रामनं दोरी सोडली. धावत जाऊन त्यानं आक्कांना दंडाला धरून मागं ओढलं, आणि पलीकडं तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला,

"थांबा! कुणी येऊ नका! सळी गंजलीय... माझ्या लेपाखाली गंजलीय!"

पलीकडून एकीचा आवाज आला, "लेप लावला होतात की लोणी?" बाया खो खो हसल्या. हसत हसतच होडीवाल्याला हाका मारू लागल्या.

विश्रामनं लोंबणारी दोरी गुंडाळून ठेवली.

"आक्का... बायांच्या नवसाला अपशकुन नाही ना झाला? घंटा वाजलीच नाही."

आक्कांनी पदरानं त्याच्या तळव्याचा घाम पुसला.

"मला तर ऐकू आली."