चिचुंद्रीची वाट आणि कावळ्याची मोजणी

सागाच्या एका जंगलात एक चिचुंद्री आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. चिचुंद्रीची पिल्ले कशी चालतात ठाऊक आहे ना, मुलांनो? पहिले आईला दातांनी धरते, दुसरे पहिल्याला, आणि अशी सगळी रांग तुरुतुरु निघते. उन्हाळ्यात डबकी आटली की पाणी उरे ते फक्त तळ्यात, आणि तळ्याकडे जाणारी वाट एकच. त्या वाटेवरून गव्यांचे कळप दणदणत जात. मागच्या उन्हाळ्यात चिचुंद्री पाच पिल्ले घेऊन गेली आणि तीनच घेऊन परतली. यंदा तिने नव्या पिल्लांना बिळाबाहेर काढलेच नाही. ओलसर मुळ्या चघळून सगळे दिवस ढकलत होते, पण आता पिल्लांच्या जिभा कोरड्या पडू लागल्या होत्या.

शेवटी ती जंगलाच्या सभेत गेली आणि हत्तीला म्हणाली, "महाराज, वाटेच्या कडेला वीतभर जागा आम्हा लहानांसाठी राखून द्या. तिथे कुणाचा खूर पडू नये, एवढंच मागणं आहे."

गव्यांचा म्होरक्या फुरफुरला, "वा गं वा! म्हणजे आमची वाट अरुंद करायची? तुम्हीच जरा बघून चाला की! डोक्यात पळसाची फुलं खोवा, म्हणजे लांबून दिसाल तरी." सभा खदाखदा हसली. गव्याच्या जिभेला हाड नाही, दुसरे काय! हत्ती मात्र न्यायी होता. त्याने कावळ्याला वाटेवरच्या झाडावर तीन दिवस बसवले आणि येणारे-जाणारे मोजायला सांगितले.

चौथ्या दिवशी कावळा ऐटीत म्हणाला, "गवे दोनशे बारा, रानडुकरं नव्वद, लहान जीव फक्त तीन."

"बाई, तिघांसाठी वेगळी वाट कशी करू?" हत्तीने विचारले.

चिचुंद्री मागे सरली नाही. "कावळेदादा, वाटेवर आले ते तुम्ही मोजलेत. भीतीनं जे आलेच नाहीत, ते कुठे मोजलेत? एकदा आमच्या बिळांच्या तोंडाशी जाऊन या ना!"

हत्ती विचारात पडला. त्या जंगलात मोजणी आजवर वाटेवरच होत आली होती, आणि ती चुकू शकते हे कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. त्याने कावळ्याला पुन्हा धाडले. कावळा प्रत्येक बिळापाशी थांबला, सशांना, साळिंदरांना, कासवांना विचारत फिरला. संध्याकाळी परतला तेव्हा त्याची ऐट पार उतरली होती. "महाराज, चारशेपर्यंत मोजले. सगळे तहानलेले आहेत. काही बिळांतून मात्र उत्तरच आलं नाही. आत डोकावलो, तर..." त्याने चोच पंखात खुपसली. या वेळी सभेत कुणी हसले नाही. गव्यानेही मान खाली घातली.

हत्ती तिथूनच उठला. त्याने सोंडेने ओंडके ओढत आणले आणि चिचुंद्रीला म्हणाला, "चालायचं तुम्हाला आहे, तेव्हा तुम्हीच सांगा, कुठे ठेवू?" ती सांगत गेली, तो ठेवत गेला, आणि ओंडक्यांच्या पलीकडे लहानांची वाट तयार झाली. लगेच चिचुंद्री पिल्लांना घेऊन निघाली. शेजारून गवे दणदणत जात होते. शेवटचे पिल्लू थरथर कापत होते, तरी रांग तुटली नाही. तळ्याकाठी पोहोचल्यावर तिने वळून पाहिले. चारही पिल्ले होती. "प्या रे बाळांनो, पोटभर प्या," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली.

तात्पर्य : रस्ता कुणासाठी करायचा हे ठरवताना रस्त्यावरची डोकी मोजून थांबू नये, भीतीने घरी बसलेल्यांच्या दाराशीही जावे. आपल्या गावात सायकली कमी दिसत असतील, तर भीतीने कोण कोण सायकल काढत नाही, हे आधी घरोघरी विचारून पाहावे.