दंडधर राजाच्या मिशा आणि चीनचे काळे चूर्ण

एका राज्यात दंडधर नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य समुद्राकाठी, राजवाडा टेकडीवर आणि राजाच्या मिशा या कानापासून त्या कानापर्यंत. हुकूम सोडल्यावाचून त्याला घास गिळवत नसे. भाताला निवण्याचा हुकूम, कोंबड्याला आरवण्याचा हुकूम. कोंबडा आपल्या वेळेलाच आरवायचा, पण राजाला वाटायचे, ऐकतो बेटा.

बंदरात चीन देशाची गलबते येत. त्यांतून कागद आला, चहा आला, पतंग आले, दिशा दाखवणारी सुई आली. एके दिवशी वेई-शुन नावाचा जादूगार आला, खांद्यावर बोलकी मैना घेऊन. राजाने त्याच्याकडे अमर होण्याचे औषध मागितले. वेई-शुनने शोरा, गंधक आणि कोळसा कुटून काळे चूर्ण केले आणि बजावले, की याला अजून मुरू द्या. राजा कसला थांबतो! चूर्ण नीट पाहावे म्हणून त्याने समई जवळ ओढली. भक्क झाले. धूर जरा विरळ झाला तेव्हा राजा जागच्या जागी होता, मिशा मात्र नव्हत्या. दरबाऱ्यांनी हसू कसे दाबले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

राजा गरजला, "औषधाने आग व्हावे? आजपासून आमच्या राज्यात प्रत्येक वस्तू ज्या कामासाठी जन्मली, तेवढेच काम करील."

वेई-शुन म्हणाला, "महाराज, वस्तू एका कामासाठी जन्मते आणि दुसऱ्याच कामात रमते. आमच्याकडे हे नेहमीचे आहे. पण या धुरात बोललेला शब्द खरा होतो. तसेच होईल."

एवढे बोलून तो गलबतावर चढला. मैना तेवढी मागे ठेवली, राजाला पस्तावा झालाच तर असावी म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून राज्यात पंचाईत सुरू झाली. कागद म्हणे, मी जन्मलो पुड्या बांधायला. त्याने अंगावरची शाई झटकून टाकली. लग्नपत्रिका कोऱ्या झाल्या आणि भलतेच पाहुणे जेवून गेले. चहा मूळचा औषध. तो इतका कडू झाला, की चमचाभरापलीकडे कुणाला घोटवेना. पतंग जन्मले होते फौजेसाठी. ते मुलांच्या हातून सुटून शेजारच्या राज्यातल्या किल्ल्यावर घिरट्या घालत आणि परत येऊन तटाची उंची सांगत. शेजारच्या राजाने घाबरून दरवाजे लावून घेतले. सुईचे तर विचारूच नका. ती मूळची घराची जागा पाहण्यासाठी. नावाड्याने उत्तर दिशा विचारली, की ती सांगे, "चूल आग्नेयेला मांडा." राजा मात्र खूश होता. म्हणे, आता कशी शिस्त आली.

मग एका संध्याकाळी समुद्रावर दाट धुके उतरले. एक कोळी धापा टाकत राजवाड्यावर आला. राजकन्येचे गलबत आजोळाहून परतले होते, पण बंदराच्या तोंडाशी काळे खडक आहेत, तिकडेच ते भरकटत होते. तांडेल सुईला दिशा विचारत होता आणि सुई त्याला माजघर कुठे असावे ते समजावत होती. कोळ्याने हे भांडण आपल्या कानांनी ऐकले होते.

मृगलेखा त्याची एकुलती लेक. लहानपणी ती त्याच्या मिशांच्या वेण्या घालायची आणि तो तसाच दरबारात बसायचा. त्याचा हुकूम न पाळणारे राज्यात तेवढे एकच माणूस होते, आणि त्याचा जीव त्याच माणसात होता.

तो मैनेकडे धावला. मैना म्हणाली, "हुकुमाने बांधलेले विनंतीने सुटेल. पतंग, कागद आणि चूर्ण, या तिघांना विनवा. एकानेही नाही म्हटले, तर शाप कायम."

राजा प्रथम पतंगाकडे गेला. छाती काढून म्हणाला, "आम्ही हुकूम करतो, की आम्ही विनंती करीत आहोत." पतंग हलला नाही. दुसऱ्यांदा राजाची जीभ अडखळली, तिसऱ्यांदा कसेबसे "कृपा करून" बाहेर पडले. पतंगाने विचारले, मी तर शत्रूवर जातो, इथे शत्रू कोण? राजा म्हणाला, धुके. पतंगाला ते पटले. तो वर गेला, खाली आला आणि गलबत खडकांच्या किती जवळ आहे ते त्याने सांगितले.

ते ऐकताच राजा कागदाकडे धावला. म्हणाला, चूर्ण बांधायचे आहे.

"ते मला जाळील," कागद म्हणाला.

"हो. म्हणूनच हुकूम करवत नाही."

कागद क्षणभर फडफडला. राजकन्येचा खाऊ आपल्यातच बांधून यायचा, याची त्याला आठवण झाली. तो आपणहून गुंडाळला गेला आणि त्याची नळी झाली.

उरले चूर्ण. मिशांच्या गुन्ह्यासाठी त्याची बरणी तुरुंगात होती. राजा कोठडीत शिरला आणि बरणीपुढे हात जोडून उभा राहिला.

चूर्ण म्हणाले, "माझा जन्म आयुष्य वाढवण्यासाठी. कुणाचे वाढवू? तुझे?"

"माझे नको. तिचे वाढव. मी तुझ्या पाया पडतो."

"मग नळीत भर आणि वात लाव. या वेळी तोंड लांब ठेव."

राजाने किनाऱ्यावर स्वतःच्या हाताने वात पेटवली. पतंगाने दाखवलेल्या दिशेने नळी सुसाट गेली, खडकांवर फुटली आणि धुक्यात दिवसासारखा उजेड पडला. गलबतावर सुईचे देवघराविषयी बोलणे चालले होते, ते मध्येच थांबले आणि ती थरथरत उत्तरेला वळली. तांडेलाने सुकाणू फिरवले. शाप सुटला.

मृगलेखा धक्क्यावर उतरली. समोर धुराने काळवंडलेल्या तोंडाचा, मिशा नसलेला एक माणूस रडत होता. तिने नम्रपणे विचारले, "काका, माझे बाबा कुठे आहेत?" राजा आणखीच रडू लागला, तेव्हा तिने त्याला ओळखले आणि पदराने त्याचे तोंड पुसले.

राज्यात कागदावर पुन्हा शाई बसली, चहा गोड झाला, पतंग मुलांकडे परतले. एक दिवस सेनापती राजाकडे आला. म्हणाला, या चूर्णाने शेजारचा तट सहज उडेल. राजा म्हणाला, "हुकूम मी देत नाही. तुम्ही त्याला विनंती करून पाहा."

सेनापतीने बरणीपुढे हात जोडले. चूर्णाने एवढेच विचारले, "कुणाचे आयुष्य वाढेल?"

दुसऱ्या राज्यांत चूर्णाला हे विचारण्याची कुणी संधीच दिली नाही, म्हणतात. या राज्यातला सेनापती मात्र अजून बरणीपुढे उत्तर शोधत बसला आहे, आणि मृगलेखा त्याला रोज चहा पाठवते.