पंख्याची नवी मोटार

"...पण सर, मोटार खोटी असल्याशिवाय असं होईल का?"

निरंजन हेरवाडेने तोच प्रश्न पुन्हा विचारला. समोर बसलेले बुवा सुपातले गहू निवडत होते.

चिंतामणबुवा एके काळी इंजिनिअरिंग कॉलेजात विजेची यंत्रं शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठच्या या मठात येऊन राहिले. मठातली माणसं त्यांना बुवा म्हणत, निरंजन अजून सरच म्हणे. तो त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी होता, आणि ही गोष्ट तो एक दिवसही विसरला नव्हता.

"काय झालं ते नीट सांग," बुवा म्हणाले.

निरंजन एका सूतगिरणीत इंजिनिअर होता. गिरणीत हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर धागा तुटतो. त्यासाठी एक मोठा पंखा अखंड चालू असतो. त्या पंख्याची जुनी मोटार काढून निरंजनने नवी बसवली होती. कमी विजेत जास्त काम करणारी. शोधून शोधून आणली होती, बाजारात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. गिरणीची वीज वाचायला हवी होती. मीटर उलट जास्तच पळायला लागलं.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" निरंजन चिडून म्हणाला. "गिरणीतल्या सगळ्याच मोटारी बदला, असं मी सांगून बसलोय. उद्या संचालकांची सभा आहे. अध्यक्ष म्हणतात, मोटार खोटी असेल तर मोटार परत पाठवू, आणि तुमची निवड चुकली असेल तर तुम्हाला."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"तुमचा शब्द गिरणीत मानतात. मोटार खोटी आहे, एवढंच तुम्ही सांगा."

बुवांनी गव्हातला एक खडा बाजूला टाकला.

"ओझं पडलं की जुनी मोटार काय करायची?"

"थोडी मागे पडायची. वेग उतरायचा."

"आणि नवी?"

"नवी कशाला मागे पडेल? उत्तम मोटार आहे ती..."

निरंजन बोलता बोलता थांबला.

हे गणित त्याला येत होतं. मोटार मागे पडत नाही, म्हणून पंखा जरा जास्त फिरतो. आणि पंखा जरा जास्त फिरला, तर वीज जरा नव्हे, बरीच जास्त लागते. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला कळलं, पण कळून बरं वाटलं नाही.

"म्हणजे हवा जास्त मिळतेय," तो सावरून म्हणाला. "वीज काही फुकट जात नाही. खाते जास्त, पण कामही जास्त करते!"

"गिरणीला हवा लागते किती?"

"जुन्या मोटारीवर पंखा द्यायचा तेवढी..."

"ती पंखा द्यायचा. लागते किती?"

...

निरंजनला मोटारीचं वजन ठाऊक होतं, तारेची जाडी ठाऊक होती, कुठल्या ओझ्याला ती किती तापते तेही पाठ होतं. हवेचं मात्र त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात पंगतीची घंटा झाली. त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"चल, वाढायला ये," बुवा सूप ठेवत म्हणाले. "आज वाढपी कमी आहेत."

निरंजनने बाह्या वर सारल्या, कमरेला पंचा गुंडाळला आणि खिरीची बादली उचलली. कामाला तो वाघ होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. खपली गव्हाची गरम खीर, ओगराळं काठोकाठ भरलेलं, पण जमिनीवर एक थेंब नाही. सगळी पंगत त्याने बघता बघता वाढून काढली. वाढावं तर असं, असं कुणीतरी म्हणालंही. त्याची कळी खुलली.

पुढच्या फेरीला बुवांनी द्रोणावर हात आडवा धरला.

"पुरे."

"पुरे कसं, सर? माझ्या हातची थोडी!"

द्रोण झाकलेला होता, म्हणून त्याने पानातच वाढली. आग्रहाशिवाय वाढणं म्हणजे काय वाढणं! त्याच्या घरी तरी पाहुण्याने हात आडवा धरला की ओगराळं दुप्पट भरायची पद्धत होती.

नंतरच्या फेरीला बुवांनी दोन्ही हात धरले. निरंजनने हसत हसत ते बाजूला केले आणि द्रोण भरला.

मठात पानात टाकायची रीत नाही. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या गेल्या, जमीन सारवायला माणसं आली. बुवा एकटेच बसून खात होते. कपाळावर घाम आला होता.

निरंजन बादली ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसला. आधी त्याला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

"सर, राहू द्या ना..."

बुवांनी मानेनेच नाही म्हटलं आणि पुढचा घास घेतला.

"एक थेंब सांडला नाही हो तुझ्या हातून," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

...

निरंजन त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

"सर... गिरणीत हवा येते त्या जाळ्यांवर गोणपाटं बांधलेली होती."

"कुणी बांधली?"

"खात्यातल्या बायकांनी. नवी मोटार लागल्यापासून. वाऱ्याने कापूस उडतो म्हणाल्या, धागा सारखा तुटतो."

"मग तू काय केलंस?"

"सोडायला लावली." त्याने मान खाली घातली. "वर रागावलो. एवढी चांगली हवा मिळतेय आणि तुम्ही जाळ्या कसल्या झाकता, म्हटलं."

त्याला फार लाज वाटत होती. मोटार खोटी आहे, हे सांगायला आता त्याची जीभ उचलली नसती.

"उद्या सभेत काय सांगू?"

"मोटार उत्तम आहे, असं सांग."

"आणि माझं काय होईल, सर?"

बुवांनी शेवटचा घास गिळला. भिंतीला हात लावून उठायला गेले, पण पोट जड झालं होतं. उठवेना. ते पुन्हा खाली बसले आणि त्यांनी निरंजनपुढे हात केला.

"ते मग बघू. आधी मला उठव."