डाव्या इकडे, उजव्या तिकडे

“मग चुकलं कुणाचं?” दयागिरीबाबांनी विचारलं.

“बकुळाचं!” श्रीरंग म्हणाला. “चिंचोके एकीकडे, गुंजा एकीकडे, सागरगोटे एकीकडे. एवढंच करायचं होतं. बाकीच्या पोरांनी बरोबर केलं. हिनं काय करावं? एक सागरगोटा, त्याला टेकून एक चिंचोका आणि दोघांच्या मधे चार-दोन गुंजा, असे ढीग घातले. का म्हणून विचारलं तर म्हणते, ही घरं हायेत.”

बाबांचं पोट हसून हलायला लागलं.

“बाबा, तुम्ही हसताय.”

“हसू नको तर काय करू? सकाळी सकाळी आख्खी वाडी वसवली की पोरीनं.”

श्रीरंगला काही हसू आलं नाही. गणितात मोठी पदवी मिळवून तो या मठात आला होता. वेदान्त शिकायला आला होता खरं तर, पण बाबांनी त्याला ओसरीवर पाठवलं. हळद काढायचे दिवस होते. गावातल्या बाया उजाडताच रानात जायच्या आणि त्यांची कच्चीबच्ची दिवसभर मठाच्या ओसरीवर असायची. त्यांना सांभाळणाऱ्या आजीबाईंच्या गुडघ्यांनी हाय खाल्ली होती.

“थोडे दिवस तू बघ,” बाबा म्हणाले होते. “मुलं तुझ्याकडे कायमची द्यायची की नाही, ते भंडाऱ्याच्या दिवशी सांगतो.”

आज भंडारा होता. श्रीरंगचा जीव टांगणीला लागला होता. त्या शेंबड्या पोरांचा आपल्याला इतका लळा लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

“वेगळं करता येणं हा गणिताचा पाया आहे, बाबा,” तो म्हणाला. “सारखं काय आणि निराळं काय, हे आधी कळायला हवं. आकडे मागून येतात. पायाच वाकडा झाला तर...”

“तर?”

“तर पुढचं सगळं कोसळेल.”

“बरं...” बाबा उठले. “आज सगळं गाव येतंय. दाखव तुझा पाया.”

झालं! श्रीरंगला वाटलं, हीच परीक्षा.

दुपारी गाव लोटलं. आमटी-भात आणि गव्हाची खीर. खिरीच्या वासानं माणसं पायऱ्या चढता चढताच चपला भिरकावत आत पळाली. पहिली पंगत बसली आणि मठाच्या दारात चपलांचा हा डोंगर उभा राहिला.

डोंगर पाहून श्रीरंगचे डोळे चमकले.

रंगावरून वेगळं करणं पोरांना येत होतं. लहान-मोठं येत होतं. पण डावं-उजवं? चार वर्षांच्या पोरांना डावं-उजवं येतं हे पाहिलं, तर गाव तोंडात बोट घालील!

“चला रे! डाव्या पायाच्या इकडे. उजव्या पायाच्या तिकडे. चुकायचं नाही.”

पोरं तुटून पडली. एकेक चप्पल उचलायची, पायात घालून बघायची, जीभ बाहेर काढून विचार करायचा आणि पळत जाऊन रांगेत ठेवायची. एकमेकांच्या चुकाही तीच काढत होती. बघता बघता दाराच्या डाव्या हाताला सगळ्या डाव्या आणि उजव्या हाताला सगळ्या उजव्या. मधे वाट मोकळी. श्रीरंगनं मागे सरकून पाहिलं आणि त्याला भरून आलं.

बकुळा तेवढी रांगेत नव्हती. दोन्ही हातांत चपला घेऊन ती खालच्या पारावर पळत होती, परत येत होती, पुन्हा पळत होती. श्रीरंगनं तिच्याकडे कानाडोळा केला. आज तिच्या नादी लागायला त्याला सवड नव्हती.

पंगत उठली.

आणि मग जे झालं ते विचारू नका.

“आवं, माजी दुसरी कुठं हाय?”

“ही माजी. हिची जोडी घावंना की!”

“पाव्हणं, माज्या चपलंत तुमचा पाय!”

गाव एका पायावर आलं. पाटील उजवीकडे लंगडी घालत निघाले, तलाठी डावीकडे. वाटेत दोघांची धडक झाली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्या एकाच पायात चप्पल घालून उभ्या होत्या. सगळ्या रबरी चपला एकाच साच्यातल्या. कुणी कशा ओळखायच्या?

श्रीरंग घामाघूम झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

एवढ्यात बाबा बाहेर आले. ते डाव्या रांगेपाशी गेले आणि मन लावून दोन चपला निवडल्या. दोन्ही डाव्या. एक हिरवी, एक तपकिरी. त्या पायात चढवून त्यांनी अंगणाला फेरी घातली, अगदी ऐटीत.

पोरं किंचाळली. “बाबा! दोन्ही डाव्या! दोन्ही डाव्या!”

बाबा थांबले. पायांकडे पाहिलं. “होय की... कुणी रे शिकवलं तुम्हाला हे?”

“श्रीरंगदादानं!”

गाव खो खो हसलं. पाटलांनी तर टाळ्या वाजवल्या. आणि श्रीरंगचं काय झालं कुणास ठाऊक, त्यालाही हसू फुटलं. इतकं, की त्याला पायरीवर बसावं लागलं.

“आवं, हिकडं या की!” पारावरून शिरपाआजोबांनी हाक दिली. आजोबांच्या दोन्ही पायांत त्यांच्याच चपला होत्या. “माजी हितं हाय. म्हातारीची बी हितंच, माज्या शेजारी. सूनबाईची हितं, नातवाची तिच्या म्होरं. घरनं निगालो तशीच हायेत बगा समदी!”

कोण कुणाबरोबर आलं ते बघून ठेवून बकुळानं पारावर तसे बरेच ढीग मांडले होते. ज्यांच्या चपला तिच्या हाती लागल्या होत्या, त्यांना शोधावं लागलंच नाही. ती नुसती हात धरून नेत होती. “आत्त्या, तुजं घर हितं.”

श्रीरंग उठला. “पोरांनो, आता डाव्या रांगेतली एक घ्या. तिची उजवी शोधा. चला!”

पुन्हा पळापळ. आता तर पोरांना ऊतच आला. जोडी जमली की आरोळी. जोडी चुकली की मोठी आरोळी. म्हातारी माणसंसुद्धा पोरांत घुसली. खिरीची दुसरी पंगत ताटकळली, पण कुणाला घाई नव्हती.

उन्हं कलली तेव्हा रांगा संपल्या. दुसरी पंगत जेवली आणि गाव घरी गेलं. पोरं तेवढी पारापाशी रेंगाळत राहिली. आया भांडी घासत होत्या.

श्रीरंग पायऱ्यांवर काहीतरी शोधत होता.

“काय रे?” बाबांनी विचारलं.

“माझ्या चपला... डाव्यांत नव्हत्या. उजव्यांत नव्हत्या. इथेही नाहीत.”

बकुळानं त्याचं बोट धरलं आणि त्याला पारावर नेलं. पाराच्या टोकाला शेवटचा ढीग उरला होता. इवल्या इवल्या चपला, कुणाची तुटलेली, कुणाची दोरीनं बांधलेली. त्या सगळ्यांच्या बरोबर मधे श्रीरंगच्या भल्यामोठ्या चपला.

“अगं, ह्या इथे कशा? ह्या केवढ्या, त्या केवढ्या!”

बकुळानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतका शिकलेला माणूस असं कसं विचारतो.

“तू आमच्यातला न्हवं?”

श्रीरंग तिथेच पारावर बसला... डोळे पुसले... पुन्हा हसला.

बऱ्याच वेळानं त्याला आठवलं. तो धावत बाबांकडे आला.

“बाबा, तुम्ही आज सांगणार होता. मुलं माझ्याकडे देणार की नाही?”

बाबा खिरीची वाटी चाटत होते.

“मला काय विचारतोस? चपला कुठे सापडल्या तुझ्या?”